उष्णतेची पाठवणी

बोईसरच्या बाजारात सगळे मिळते. सातपाटीचे पापलेट मिळते, डहाणूचे चिकू मिळतात, आणि नट-बोल्टापासून बॉयलरच्या नळीपर्यंत यंत्राचा कोणताही भाग, दोन गल्ल्या हिंडण्याची तयारी असेल तर, हमखास मिळतो. मिळत नाही ती एकच वस्तू, आणि ती म्हणजे शांतता. एका अंगाला तारापूरची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग, आणि या दोहोंच्या मध्ये आम्ही. कारखान्यांची घरघर, मालगाड्यांची धडधड, रिक्षांची टरटर आणि लग्नसराईत डीजे नामक दैत्याची गर्जना, या चार स्वरांत आमचे दिवस जातात. नवा पाहुणा पहिल्या रात्री विचारतो, "हा आवाज कसला हो?" आम्ही विचारतो, "कुठला आवाज?"

वाचकांना वाटेल, ज्यांच्या कानांना एवढी सवय झाली आहे, त्यांना आणखी एका यंत्राच्या आवाजाचे ते काय? प्रश्न रास्त आहे. पण आमचे गाव पाळ्यांचे गाव आहे. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी! इथे चोवीस तासांत कोणत्याही क्षणी कोणीतरी कामावर निघालेले असते आणि कोणीतरी नुकतेच डोळे मिटलेले असते. आणि दिवसा झोपणारा माणूस हा आपल्या समाजातला फार दुबळा प्राणी आहे. रात्री बाराला कोणी आपले दार वाजवले तर वाजवणारा उद्धट ठरतो. दुपारी बाराला वाजवले तर झोपणाराच आळशी ठरतो. सारे जग त्याच्या विरुद्ध असते. भाजीवाला, कुरिअरवाला, शेजारच्या मिक्सरची चटणी आणि शाळेतून सुटलेली पोरे. त्यात निदान स्वतःच्या घराने तरी त्याच्या विरुद्ध जाऊ नये, एवढीच त्या बिचाऱ्याची अपेक्षा असते.

आमच्या घरात हा दुबळा प्राणी म्हणजे आमच्या सौ. त्या इथल्याच एका रुग्णालयात परिचारिका आहेत, आणि महिन्यातले बरेच दिवस त्यांची रात्रपाळी असते. सकाळी साडेआठला घरी येतात, चहा घेतात, दोन घास खातात आणि आतल्या खोलीत जाऊन पडतात. आमचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत माझे टेबल, आणि टेबलावर माझी रोजीरोटी, म्हणजे कॉम्प्युटर. मी व्यवसायाने ड्राफ्ट्समन. गेली वीस-बावीस वर्षे कारखान्यांसाठी पाइपांची आणि हीट एक्स्चेंजरची ड्रॉइंग्ज काढून देतो. पूर्वी ड्रॉइंग बोर्डावर काढीत असू. तेव्हा आवाज व्हायचा तो फार तर पेन्सिलीचा. आता सारे काम त्रिमितीत चालते. पाइपांचे सबंध जाळे पडद्यावर फिरवून दाखवायचे म्हटले की यंत्राला घाम फुटतो, आणि यंत्राला घाम फुटला की त्याचा पंखा सुरू होतो.

आमच्या जुन्या यंत्राचा पंखा सुरू होई तो विमान सुटल्यासारखा. चार मिनिटे शांत, मग एकदम सूं करून चढायचा, मग उतरायचा, की पुन्हा चढायचा. दोन खोल्यांमधली भिंत चार इंची विटांची, आणि दार पावसाळ्यात फुगून न मिटणारे. सौ. त्याबद्दल कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. बोलतील कशा? त्या आवाजावर घराचा निम्मा खर्च चालत होता. फक्त उशाला कापसाचे दोन बोळे असत, आणि दुपारी उठल्यावर डोळे तांबडे असत. परिचारिकेचे डोळे तांबडे असणे ही घरापुरती गोष्ट नव्हे. रात्री अडीच वाजता कोणाच्या तरी शिरेत सुई टोचताना ते डोळे लागतात.

तेव्हा ते यंत्र जेव्हा म्हातारपणाने अडखळू लागले, तेव्हा नवीन यंत्र आपण स्वतःच सुटे भाग आणून जोडायचे आणि ते जवळजवळ आवाज न करणारे असेल असे पाहायचे, असा मी निश्चय केला.

आता मुळात कॉम्प्युटर आवाज का करतो? विचार करणारा माणूस तर गप्प बसतो. याचे उत्तर एका शब्दात : उष्णता. कॉम्प्युटरला आपण जी वीज देतो तिच्यातून दळण निघत नाही की पाणी उपसले जात नाही. बेरजा-वजाबाक्या होतात आणि ती वीज जवळजवळ सगळीच्या सगळी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. हे दुखणे आजचे नाही. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिआक नावाच्या यंत्रात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. आपल्याकडेही मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफरॅक हे भारतीय बनावटीचे यंत्र कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे हे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० ट्यूब होत्या. तापलेल्या तारेवाचून ट्यूब चालत नाही. म्हणजे प्रत्येक ट्यूब ही एक लहानशी शेगडीच. आज माझ्या नखाएवढ्या प्रोसेसरच्या चकतीवर अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत. शेगड्या गेल्या, पण ऊब काही गेली नाही. ती फक्त नखाएवढ्या जागेत दाटीवाटीने राहायला आली.

आणि उष्णतेचा एक गुण, किंवा हट्ट म्हणा, असा की ती नाहीशी करता येत नाही. "थंड करणे" हा आपला बोलण्याचा प्रकार झाला. प्रत्यक्षात कोणी काहीही थंड करीत नाही. इथली उष्णता उचलून तिथे नेऊन सोडतो, एवढेच. उष्णता ही लग्नाच्या मुलीसारखी आहे. तिला घरात ठेवून चालत नाही आणि मारून टाकता येत नाही. तिची योग्य घरी, योग्य वाटेने पाठवणी करावी लागते. हीट एक्स्चेंजरची ड्रॉइंग्ज काढण्यात निम्मा जन्म गेल्यामुळे हे तत्त्व मला ठाऊक होते. फरक इतकाच, की कारखान्यात ही पाठवणी बँड लावून केली तरी कोणाची तक्रार नसते. मला ती चोरपावलांनी करायची होती.

आमच्या भागात या पाठवणीचा सर्वांत मोठा सोहळा तारापूरला चालतो, हे किती जणांच्या ध्यानात येते कोण जाणे. भारतातले पहिले अणुवीज केंद्र हे. टाटा संस्थेचे संस्थापक डॉ. होमी भाभा यांच्याच कारकिर्दीत त्याचा संकल्प झाला; ते पुरे झालेले पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये ते विमान अपघातात गेले आणि २८ ऑक्टोबर १९६९ या दिवसापासून इथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. त्या भट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या. पाणी उकळायचे, वाफेने टर्बाइन फिरवायचे, मग ती वाफ कंडेन्सरमध्ये समुद्राच्या पाण्याने निववून पुन्हा पाणी करायचे आणि पुन्हा उकळायला धाडायचे. अशा केंद्रात निपजलेल्या उष्णतेपैकी साधारण एक-तृतीयांशाची वीज होते. उरलेली दोन-तृतीयांश? ती अरबी समुद्राच्या पदरात. केंद्र समुद्रकाठी का बांधतात याचे हे एक मोठे कारण. एवढ्या लेकी नांदवायला घरही तसेच मोठे लागते.

गंमत अशी, की मी जो कूलर विकत घेणार होतो त्याच्या पोटात याच सोहळ्याची बाहुला-बाहुली आवृत्ती होती. प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरला तांब्याच्या, बोटापेक्षा बारीक अशा बंद नळ्या असतात. आतली हवा काढून घेऊन त्यात पाण्याचे थोडेसे थेंब ठेवलेले असतात. हवेचा दाब नसल्यामुळे ते पाणी शंभर अंशांची वाट पाहत नाही. थोड्याशा उष्णतेनेच त्याची वाफ होते. ती वाफ नळीच्या दुसऱ्या टोकाला जाते. तिथे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे एकावर एक ओवलेले असतात. त्यांना उष्णता देऊन वाफेचे पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या अस्तरातून ते परत खाली येते. पणतीतले तेल वातीतून चढते ना, अगदी तसे. ना पंप, ना मोटार, ना आवाज. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ही नळी घडवली. पुढे ती अंतराळयानांतही गेली. तिथून निघून ती आमच्या बोईसरच्या दोन खोल्यांत आली, याचे मला राहून राहून कौतुक वाटते.

आता भागांची खरेदी. माझा भाचा पालघरला असतो आणि या विषयात स्वतःला अधिकारी पुरुष समजतो. त्याच्या कॉम्प्युटरच्या काचेतून निळे-जांभळे दिवे असे उसळत असतात की दूरवरून पाहणाऱ्याला गणपतीची आरास वाटावी. तो म्हणाला, "मामा, तुम्ही लिक्विड कूलिंगच घ्या. पाणी फिरलं की सगळं गार."

"आणि पाणी कोण गार करणार?"

"त्याला रेडिएटर असतो की!"

"आणि रेडिएटरला?"

"पंखे," भाचा जरा ओशाळून म्हणाला.

म्हणजे पाण्याचा पंप जादा, पंपाची कुरकुर जादा, आणि शेवटी पंखे आहेतच. पाहुण्याला स्टेशनावर पोचवायला टांगा करायचा आणि टांग्यामागून पुन्हा आपण चालत जायचे, तशातला प्रकार. भारी यंत्राला त्याची गरज पडत असेल. माझ्या कामाला नव्हती.

दोघे मिळून लॅमिंग्टन रोडला गेलो. २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणूपर्यंत येऊ लागली असली तरी बोईसरहून ग्रँट रोड म्हणजे शंभरेक किलोमीटरचा प्रवास. सकाळी निघावे तेव्हा दुपारी दुकानात उभे राहावे. तिथला दुकानदार मोठा उमदा. त्याने मला चार काचेच्या पेट्या दाखवल्या आणि प्रत्येकीत किती रंगांचे दिवे लागतात ते सांगितले. मी म्हटले, "मला दिवे नकोत. आवाज किती होतो ते सांगा." त्याने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी साडीच्या दुकानात जाऊन कापडाचे वजन विचारले.

पण मी माझी यादी करून नेली होती, आणि त्या यादीमागचा विचार वाचकांपुढे मांडतो, कारण तो कॉम्प्युटरखेरीजही उपयोगी पडण्यासारखा आहे.

पहिली गोष्ट : मुळात उष्णताच कमी निर्माण करावी. मी प्रोसेसर घेतला तो सहा गाभ्यांचा, रायझन ५ ७६००. त्याच्या डब्यावर ६५ वॅट लिहिलेले असते, आणि भर कामात तो ८८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. याहून तगडे पुष्कळ होते, पण तगड्या पाहुण्याला जेवणही तसेच लागते.

दुसरी गोष्ट : पंखा मोठा घ्यावा आणि हळू फिरवावा. सगळी मेख इथे आहे. पंख्याने ढकललेली हवा त्याच्या फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, पण त्याच्या रुंदीच्या मात्र घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ८० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला २,४०० फेऱ्या घेऊन जेवढी हवा ढकलतो, तेवढीच १२० मिलिमीटरचा पंखा ७०० च्या आसपास फेऱ्यांत ढकलतो. आणि आवाज? तोच पंखा निम्म्या वेगाने फिरवला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे हा सौदा किती किफायतीचा आहे ते कळेल. शिवाय एका पंख्याच्या जोडीला तसाच दुसरा बसवला तर आवाज दुप्पट वाटत नाही. अवघ्या तीन डेसिबलने वाढतो. म्हणून एक पळणारा नोकर ठेवण्यापेक्षा तीन सावकाश चालणारे ठेवणे बरे. ऑस्ट्रियातल्या नोक्टुआ कंपनीचे तपकिरी पंखे या बाबतीत नामांकित आहेत. त्यांचा रंग पाहून भाच्याने नाक मुरडले, "चहात बुडवलेल्या खारीसारखा." मी दोन घेतले. मागचा तिसरा साधा.

तिसरी गोष्ट : वाट मोकळी असावी. पुढे जाळी असलेले कॅबिनेट घेतले, काचेचे नव्हे. अडलेली हवा शिटी वाजवते. मोकळी हवा गुपचूप जाते. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागून एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवली, की फटीफटींतून धूळ आत शिरत नाही. जी येते ती जाळीतूनच येते, आणि जाळी धुता येते. समुद्राची खारी दमट हवा आणि वसाहतीची बारीक धूळ एकत्र नांदत असलेल्या आमच्या गावात ही चैन नव्हे.

चौथी गोष्ट : फिरणारे जे जे काढून टाकता येईल ते काढावे. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेई, म्हणजे सेकंदाला १२०. तिचा सूर टेबलाच्या फळीतून भिंतीत आणि भिंतीतून पलंगात जाई. तिच्या जागी एसएसडी घेतली. तिच्यात हलणारे काही नाही. एसएमपीएस गरजेपेक्षा थोडा मोठा घेतला. अर्ध्या भारावर चालणारा चांगला एसएमपीएस वीज कमी वाया घालवतो, आणि वाया न गेलेल्या विजेसाठी पंखा फिरवावा लागत नाही.

जोडणीला रविवार धरला. सौ.ना त्या दिवशी सुट्टी होती. मी टेबलावर जुनी चादर अंथरली आणि एकेक भाग मांडला. त्या चहाचा कप घेऊन बघत बसल्या. प्रोसेसर बसवून झाला. आता त्याच्यावर थर्मल पेस्टचा ठिपका द्यायचा आणि वर कूलर दाबून बसवायचा. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या दोन धातूंच्या मध्येही बारीक बारीक खळगे असतात, त्यांत हवा राहते आणि हवा ही उष्णतेची भारी आळशी वाहक. म्हणून हा लेप. तो पुरेसा हवा पण फार नको, वाटाण्याएवढा. पेस्ट येते ती सिरिंजमध्ये.

मी सिरिंज उचलली. सौ.नी कप खाली ठेवला.

"अहो, ते इकडे द्या," त्या म्हणाल्या. "सिरिंज धरायची ती अशी नाही."

आणि सतरा वर्षे माणसांच्या शिरा शोधलेल्या त्या हाताने असा नेमका थेंब ठेवला, की कूलर दाबल्यावर कडेने तसूभरही बाहेर आला नाही. पुढचा सगळा वेळ त्या माझ्याजवळ बसून राहिल्या. टॉर्च धरला, स्क्रू मोजून दिले, पंख्यांच्या तारा बँडेज गुंडाळावे तशा गुंडाळून बांधल्या. आमच्या संसारात माझे आणि त्यांचे कसब एका कामाला लागल्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. एरवी आमची कामे एका छताखाली, पण घड्याळाच्या दोन टोकांना.

यंत्र सुरू झाले. आवाज उतरला होता यात शंका नव्हती. खोलीतला छताचा पंखा बंद केल्याशिवाय तो ऐकूच येईना. पण प्रोसेसरवर काम पडले की पंखा चढे, काम संपले की उतरे. मी म्हटले, "एवढं चालेल. पूर्वीच्या मानाने काहीच नाही."

सौ. म्हणाल्या, "आवाजाने माणूस उठत नाही. आवाज बदलला की उठतो. आमच्या वॉर्डात मॉनिटर रात्रभर टिकटिक करतो, पेशंट झोपलेले असतात. टिकटिक बदलली, की पेशंटही उठतो आणि मीही उठते."

हे वाक्य मला कुठल्याही माहितीपुस्तकात मिळाले नव्हते. त्या रात्री यंत्राच्या अंतर्गत मांडणीत जाऊन मी पंख्यांचा चढ-उतार बदलला. उष्णता वाढली तरी लगेच धावायचे नाही. थोडा वेळ पाहायचे, मग अगदी हळूहळू चढायचे आणि तसेच हळूहळू उतरायचे. कूलरमधला एवढा धातू तापायला आपला वेळ घेतोच. त्या उसन्या वेळात बहुतेक कामे उरकतात. शिवाय प्रोसेसरच्या विजेलाही थोडा लगाम घातला. जे चित्र पूर्वी दहा मिनिटांत तयार झाले असते त्याला आता अकरा लागतात. त्या जादा एका मिनिटात मी खिडकीबाहेर पाहतो. मे महिन्यात बाहेरची हवाच चौतीस अंशांची असते आणि कुठलाही पंखा आसपासच्या हवेहून थंड काही करू शकत नाही. तेव्हा प्रोसेसर सत्तरच्या पुढे जातो. जाऊ दे. त्याला पंचाण्णव अंशांपर्यंत चालते, असे कंपनीच सांगते. सहन करण्याची ज्याची ताकद आहे त्याने थोडे सहन करावे, हा न्याय यंत्रालाही लागू आहे.

भाच्याने शेवटचा उपाय सुचवला होता, की खोलीला एसी लावा. पण एसीचा बाहेरचा डबा आमच्या शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर आला असता, आणि ते गृहस्थ तिसऱ्या पाळीचे. आमची उष्णता आणि आमची घरघर उचलून त्यांच्या उशाशी ठेवणे याला पाठवणी म्हणत नाहीत, टाकून देणे म्हणतात. या गोष्टीची आमच्या पंचक्रोशीला वेगळी शिकवण नको. इथल्या कारखान्यांचे सांडपाणी खाडीत आणि समुद्रात गेले तेव्हा ते नाहीसे झाले, असे सोडणाऱ्यांना वाटले असेल. मासेमारी करणाऱ्यांना तसे वाटले नाही. २०१६ साली मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागावी लागली. आपल्या दारातून गेलेली वस्तू दुसऱ्या कोणाच्या तरी दारात पोचलेली असते. माझे यंत्र भर कामात दीडशे वॅटच्या आत-बाहेर वीज खाते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे शंभर वॅट ऊब बाहेर पडते. म्हणजे आमच्या खोलीत एक दीड माणूस जादा आला, एवढाच हिशेब. खिडकी उघडी ठेवली की तेवढा पाहुणा खपून जातो.

आता जे सांगायचे आहे ते यंत्राविषयी नाही.

पहिल्याच आठवड्यात, दुपारी बाराच्या सुमारास, मी काम करीत बसलो होतो. घर इतके शांत होते की भिंतीवरचे घड्याळ ऐकू येत होते. आणि आतून सौ.चा आवाज आला. मला वाटले, हाक मारली. दाराशी गेलो. त्या गाढ झोपेत होत्या, आणि झोपेत बोलत होत्या. "सलाइन संपत आलंय... सात नंबर... त्यांच्या मुलाला फोन लागला का?" मग थोडा वेळ गप्प. मग पुन्हा, अगदी हळू, "बसा हो आजी, येतोय तो, येतोय."

मी पुष्कळ वेळ दारात उभा राहिलो. हे बोलणे त्या दिवशीच सुरू झाले असेल, असे मला वाटत नाही. कित्येक वर्षे ते त्या खोलीत होत असणार आणि मधल्या घरघरीत विरून जात असणार. सकाळी साडेआठला घरी येणारी बाई रिकाम्या हाताने येत नव्हती, तर सबंध वॉर्डाची ऊब उराशी घेऊन येत होती आणि ती कुठे सोडायची ते तिला कोणी विचारलेले नव्हते.

तिलाही पाठवणी हवी असते. आणि तिचेही नियम तेच, हे मला हळूहळू उमगले. "काल काय झालं?" असे एकदम जोरात विचारले तर उत्तर येते, "काही नाही, नेहमीचंच." वाट मोठी ठेवावी लागते आणि वेग कमी. आता दुपारी चार वाजता त्या उठतात तेव्हा मी ड्रॉइंग अर्धे टाकून चहा करतो आणि समोर बसतो. विचारीत काही नाही. कधी त्या वाटाण्याच्या शेंगा सोलतात आणि बोलत नाहीत. कधी अर्ध्या शेंगेवर थांबून सांगतात, की सात नंबरच्या आजी पहाटे गेल्या आणि मुलगा पोचला तो नंतर. मी ऐकतो. त्यावर मला काही करता येत नाही. पण थंड करणे हा नुसता बोलण्याचा प्रकार आहे हे मी आधीच सांगितले आहे. उष्णता एका जागेवरून दोन जागी गेली, की दोन्ही जागांना ती सोसते.

परवा भाचा आला होता. काळी साधी पेटी पाहून म्हणाला, "मामा, एवढा खर्च केलात आणि यात दिसण्यासारखं काहीच नाही!"

"ऐकण्यासारखंही नाही," सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या. यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्रक लॅमिंग्टन रोडवरच्या कोणत्याही यंत्राला मिळाले असेल, असे मला वाटत नाही.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यांची पाळी आहे. रुग्णालयाला दिवाळीची सुट्टी नसते. दुसऱ्या दिवशी पाडवा. सकाळी साडेआठला त्या येतील, तेव्हा अभ्यंगाचे पाणी तापलेले असेल, फराळाचे ताट मांडलेले असेल. ओवाळणी मात्र संध्याकाळी, झोप झाल्यावर. आमच्या इमारतीतल्या पोरांना मी आताच सांगून ठेवले आहे, की पाडव्याचे फटाके चारनंतर वाजवा. पोरांनी विचारले, "का हो काका?" मी म्हटले, "तिसऱ्या मजल्यावर लक्ष्मी झोपलेली असते."